दहा खाचांची फळी

"चाळिशीला आलेल्यांना शिकवून हे काय दिवे लावणार?"

आमच्या ले-आऊटच्या, म्हणजे नागपूरच्या वसाहतीच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांनी हे टाकलं. खाली जोडलेले हात, त्याखाली अकरा अंगठे. मी तेव्हा अमेरिकेत, ओहायोतल्या मेसनला, डेंटिस्टच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले होते. उत्तर लिहिता लिहिता अपॉइंटमेंट गेली, पस्तीस डॉलर दंड बसला, आणि उत्तर तर पाठवलंच नाही.

प्रकरण साधं आहे. नागपूरला रिंग रोडच्या अलीकडे आमचा ले-आऊट. तिथे एक समाजभवन आहे. सकाळी योगासनं, संध्याकाळी ज्येष्ठांचा कॅरम, लग्नसराईत बुकिंग, आणि दुपारभर कुलूप. काही पालकांनी ते अकरा ते चार मागितलं. अठराच्या वरच्या मतिमंद मुलांची कार्यशाळा चालवायला. (बौद्धिक अक्षम म्हणायला हवं, अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात तसंच आहे. पण आईच्या तोंडी जुनाच शब्द आहे आणि माझ्याही. 'मुलं' हाही तसलाच शब्द. त्यातला सगळ्यात मोठा मुलगा बावन्न वर्षांचा आहे.) झालं. दोन आठवडे ग्रुप पेटला. बायका योगाला येतात, त्यांचं काय? लहान पोरं मैदानात खेळतात. भवनाचं भाडं बुडेल. बाथरूम कोण धुणार? आणि मग काकांचे दिवे.

काका, ते दिवेच लावतात. मागच्या दिवाळीत तुमच्या फाटकावर ज्या पणत्या होत्या त्या यांनीच रंगवलेल्या होत्या. हे मला तीन दिवसांनी सुचलं. भांडणात माझं नेहमी असंच होतं.

पण काकांपेक्षा मला जास्त राग आला तो दुसऱ्या पार्टीचा. "ही तर देवाघरची फुलं. त्यांना कशाला राबवता?" हे लिहिणाऱ्या मावशी मनानं फार चांगल्या आहेत, माझ्या लग्नात रुखवत त्यांनीच मांडलं होतं. पण फुलाला सकाळी अकरा वाजता कुठे पोचायचं नसतं. फुलाची कुणी हजेरी घेत नाही. एक दिवस आलं नाही तर "काहून नाही आला?" असा फोन फुलाच्या घरी येत नाही. माणसाला हे सगळं लागतं. काका निदान त्यांना माणूस समजून नापास तरी करतात.

आणखी एकानं लिहिलं की सरकार नोकरीत आरक्षण देतंच की, मग हे वेगळे लाड कशाला. देतं. चार टक्के. त्यातले पहिले तीन टक्के दृष्टी, श्रवण आणि हालचालीच्या अपंगत्वाला. उरलेल्या एका टक्क्यात बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांग, सगळे एका बाकावर. आणि त्या बाकावर बसायला आधी परीक्षा द्यायची. ज्याला चारच्या पुढचे आकडे 'खूप' वाटतात त्यानं लेखी परीक्षा द्यायची. मोफत शिक्षणाचा हक्क कायद्यानं सहा ते अठरा वयाला दिलाय. अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी काय, ते घरच्यांनी बघायचं. आपल्याच विदर्भात, वझ्झरला, टाकून दिलेल्या अपंग मुलांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर हाच प्रश्न वर्षानुवर्षं विचारताहेत. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या ग्रुपवर सगळ्यांनी फुलांचे गुच्छ पाठवले होते. मी स्क्रोल करून मोजले. चाळीस गुच्छ.

तर शेवटी मी लिहिलंच. लांबलचक. लिहिलं की मी राहते त्या सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलात 1996 साली इमर्जन्सी विभागाच्या प्रमुख बाईंना प्रश्न पडला: कपाटं, ट्रॉल्या भरून ठेवायच्या कामावर माणसं टिकत नाहीत, आणि हे काम तर रोज तसंच, एकही वस्तू न चुकता व्हायला हवं, मग ते या मुलांना का शिकवू नये? त्यातून प्रोजेक्ट सर्च सुरू झालं आणि आज ते कितीतरी देशांत चालतं. शाळेचं शेवटचं वर्ष, पण वर्ग हॉस्पिटलातच. वर्षभरात तीन वेगवेगळ्या विभागांत काम शिकायचं. आमच्या शेजारणीचा मुलगा, डाऊन सिंड्रोमचा, तिथून शिकला. त्याच्या ट्रॉलीच्या प्रत्येक कप्प्यावर फोटो चिकटवलेला असायचा. कप्पा फोटोसारखा दिसला की पुढे. एकदा एक नर्स घाईत वेगळ्या मापाचे हातमोजे ठेवून गेली, तर त्यानं ट्रॉली जागेवरून हलवू दिली नाही. हेही लिहिलं की इथे लेव्हीला, म्हणजे जादा घरपट्टीच्या मतदानाला, लोक हो म्हणतात, अंगणात पाट्या लावतात, अशा माणसांचं बघणाऱ्या काउंटी बोर्डाला पैसा मिळावा म्हणून स्वतःची घरपट्टी वाढवून घेतात. शेवटी विचारलं, आपण काय मागतोय? एक रिकामा हॉल, तोही दुपारी.

काकांचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "ताई, तुम्ही टॅक्स तिकडेच भरा. मतदार पण आता तिकडच्याच ना?"

अकरा अंगठ्यांचे सतरा झाले.

मी लिहिलं ते सगळं खरं होतं. पण शेजारणीच्या मुलाची पुढची गोष्ट मी लिहिली नाही. बावीस वर्षं पूर्ण झाली तशी शाळेची पिवळी बस यायची थांबली. नोकरी लागली, पण आठवड्याला बारा तास. जास्त तास केले तर एसएसआयला, म्हणजे अपंगांच्या सरकारी भत्त्याला, धक्का लागेल म्हणून त्याची आई घाबरते. बँकेत दोन हजार डॉलरच्या वर साठू द्यायचे नाहीत, ही मर्यादा 1989 पासून तिथेच आहे. अपंगांसाठीचं 'स्टेबल' बचत खातं उघडलं तेव्हा कुठे ती थोडी सुटली. घरी राहून मदत मिळवून देणाऱ्या 'वेव्हर' या सरकारी योजनेच्या वेटिंग लिस्टवर देशभर लाखो लोक आहेत. 1938 च्या कायद्यातलं ते कलमही अजून जिवंत आहे, ज्यात परवाना घेऊन अपंगांना किमान मजुरीपेक्षा कमी पैसे देता येतात. बाकीच्या दिवशी तो मुलगा तळघरात व्हिडिओ गेम खेळतो. समोरून गेले तर खिडकीतून हात करतो. मी पण करते. बारा वर्षांत मी त्याला चहाला बोलावलेलं नाही.

आणि नागपूरचीही एक गोष्ट मी लिहिली नाही. ती काकांना माहीत आहे, म्हणून असेल.

माझा धाकटा भाऊ एक्केचाळीस वर्षांचा आहे. हे खरं म्हणजे पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं. 2002 साली अठरा पूर्ण झाली आणि शाळेनं त्याच्या हातात नारळ दिला. खरोखरचा नारळ, शाल आणि गुलाबाचं फूल. त्यानंतर तो पोर्चमधल्या झोपाळ्यावर बसला तो पाच वर्षं बसला. येणारी-जाणारी पोरं 'बयताड' म्हणायची, तो हसून "हो" म्हणायचा. मग कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यानं एका रविवारी त्याला हाक मारली, "ये रे, गिलास भर." तेवढंच. ना सर्टिफिकेट, ना जॉब कोच, ना विम्याचे कागद. दर रविवारी सात ते दहा तो तर्रीपोहे खाणाऱ्यांना पाणी द्यायचा. पगार म्हणजे एक प्लेट, तर्री कमी, वरून चणे जास्त. एखाद्यानं उष्टा ग्लास पुढे केला तर हा ओरडायचा, आणि गिऱ्हाईक ऐकायचं. असलं काही ओहायोत होऊ शकत नाही. कुणीतरी लायबिलिटी म्हणेल आणि विषय संपेल. हे मी इथल्या मराठी मंडळात अभिमानानं सांगते, आमचं नागपूर कसं दिलदार म्हणून, आणि लोकांना ते आवडतं.

पुढे सिमेंट रोड झाला, ठेला उठला. पोहेवाला कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. भाऊ त्यानंतर कितीतरी रविवार सात वाजता त्या जागेवर जाऊन उभा राहायचा. दिलदारीचं हे असं असतं. तिची पावती नसते, त्यामुळे ती बंद झाली तर तक्रार कुठे करणार?

म्हणून मला कार्यशाळा हवी आहे. गेली दोन वर्षं ती एका भाड्याच्या खोलीत चालते आहे. आता मालकाला खोली परत हवी आहे, म्हणून हे समाजभवन. काका म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे, हे मी ग्रुपवर कबूल करणार नाही, इथे करते. पणत्या, राख्या, फुलवाती, कागदी पिशव्या. सगळ्या कार्यशाळा हेच करतात, कारण ओळखीची माणसं दया म्हणून वर्षातून एकदा हे घेतात. विमानतळाजवळच्या मिहान उद्योगक्षेत्रात एवढी गोदामं आहेत, हॉटेलांत लाँड्री आहे, दवाखान्यांत कपाटं आहेत. काम आहे तिथे यांना नेऊन शिकवायला हवं. पण त्यासाठी आधी अकरा वाजता निघायची सवय तर राहिली पाहिजे. झोपाळ्यावरून थेट मिहानला कुणी जात नाही.

मागच्या डिसेंबरात मी ती खोली पाहिली. भाऊ उदबत्तीच्या टेबलावर होता. तिथल्या बाईंनी सुताराकडून एक फळी करून घेतली आहे. वीतभर रुंद, तिच्यावर दहा खाचा. प्रत्येक खाचेत एक उदबत्ती. दहावी खाच लाल रंगवलेली. लाल खाच भरली की सगळ्या उचलायच्या आणि पाकिटात घालायच्या. मोजायचं नाही. मोजणं फळी करते. ही युक्ती काही अमेरिकेहून आलेली नाही. बाईंनी विशेष शिक्षणाची पदविका नागपुरातच केली, आणि कामाचे असे बारीक तुकडे पाडून शिकवायला ती शिकवते. पहिले तीन महिने बाई स्वतः नऊ खाचा भरायच्या, भाऊ फक्त लाल. मग आठ, मग सात. शेवटाकडून सुरुवातीकडे. त्यामुळे पहिल्या दिवसापासून काम पूर्ण होण्याचा आनंद त्याच्याच वाट्याला आला. मी तासभर बघत होते. एक उदबत्ती मोडकी निघाली तर तो थांबला. खाच रिकामी सोडली नाही, मोडकी घातली नाही. बाई येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिला. फोटोसाठी ट्रॉली अडवणारा शेजारणीचा मुलगा मला तेव्हा आठवला, आणि आपण त्याला कधी चहाला बोलावलं नाही तेही तेव्हाच आठवलं.

त्याच मुक्कामात आईनं कागद काढले. राष्ट्रीय न्यासाच्या 1999 च्या कायद्याखाली अठरा वर्षांवरच्या अशा माणसाला कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे अर्ज करायचा. आई सत्तरीची, बाबा गेले. मी म्हटलं, माझं नाव टाक, मी सगळं ऑनलाइन बघीन.

"तुझं नाई चालत वो," आई म्हणाली. "मी विचारून आली."

पालक भारताचा नागरिक असावा लागतो. मी 2014 साली सिनसिनाटीला हात वर करून अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली, नंतर चीजकेक खाल्ला, सगळ्यांना फोटो पाठवले. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर घर घेता येतं, पण भाऊ घेता येत नाही. आईनं मामेबहिणीचं नाव लिहिलं. ती वर्ध्याला असते, शिक्षिका आहे, तिला स्वतःचे दोन मुलगे आहेत, आणि ती एका शब्दानं नाही म्हणाली नाही.

लोक विचारतात, भावाला तिकडेच का नेत नाही? मी सांगते, ग्रीनकार्डाच्या भावंडांच्या रांगेत भारतातले 2006 साली अर्ज भरलेले आत्ता कुठे आत येताहेत. हेही खरंच आहे. पण मी अर्ज भरलेलाच नाही. फॉर्म दोनदा डाउनलोड केला. रांगेचं कारण फार सोयीचं आहे, दर वेळी लागू पडतं.

तेव्हा काका, तुमचं बरोबर आहे, मला मत नाही. माझ्या ओहायोतल्या मतानं लेव्ही पास होते आणि कुणा दुसऱ्याच्या भावाला घ्यायला व्हॅन येते. तरी तुमचे दिवे मी विसरणार नाही.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता समाजभवनात सभा आहे. माझी तेव्हा सकाळ. आई जाणार आहे, गुडघ्याला पट्टा बांधून. बाईंनी सांगितलंय की भाऊलाही घेऊन या, आणि आलेल्या प्रत्येकाला उदबत्तीचं एकेक पाकीट द्या. काकांनाही. काल व्हिडिओ कॉलवर आई पाकिटं पिशवीत भरत होती. भाऊ मध्येच आला आणि एक पाकीट कॅमेऱ्याला एवढं चिकटवून धरलं की स्क्रीनवर नुसता कागद दिसत होता.

"किती आहेत रे यात?" मी विचारलं.

"लाल," तो म्हणाला.