लिली, मॅक्ग्रा, कमिन्स ठीक आहे, पण गिलेस्पीला का विसरता?

ऑस्ट्रेलियाचा सगळ्यात भारी फास्ट बॉलर कोण हा वाद निघाला की लिली आणि मॅक्ग्रा ही नावं ठरलेली, मग कोणीतरी थॉमसनचा स्पीड काढतं, नवीन पोरं स्टार्क-कमिन्स म्हणतात आणि शेवटी सगळे विकेटांचे आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकतात. मला हे आकड्यांचं भांडण पटतच नाही.

1940-50 च्या दशकातला ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर रे लिंडवॉल, त्याचंच घ्या ना. त्याच्या काळात नो बॉल मागच्या पायावर बघायचे, त्यामुळे पाय घासत क्रीजच्या बराच पुढे येऊन बॉल टाकता यायचा, पिच झाकायचे नियम वेगळे, आणि 1948 च्या इंग्लंड दौऱ्यात तर 55 ओव्हरनंतर नवा बॉल मिळत होता! ओव्हलला इंग्लंड 52 ऑलआऊट, लिंडवॉल 20 रनमध्ये 6. आजच्या बॉलरशी त्याचं अ‍ॅव्हरेज कसं लावणार? पण माणूस जबरदस्त होता यात वाद नाही. त्याच वर्षी अ‍ॅडलेडला आपल्याविरुद्ध दुसऱ्या डावात त्याने 38 रनमध्ये 7 विकेट काढल्या, आणि त्याच डावात आपल्या सांगलीच्या विजय हजारेंनी 145 मारले, पहिल्या डावातल्या 116 नंतर. समोर कोण होतं ते बघितलं की हजारेंची ती दोन शतकं काय होती ते कळतं.

थॉमसन म्हणजे निव्वळ भीती. 1975 मध्ये पर्थला त्याचा स्पीड 160 च्या वर मोजला होता आणि बॅट्समनच्या डोक्यावर हेल्मेट नाही. लिलीचं मोठेपण मात्र मला त्याच्या स्पीडपेक्षा पाठीच्या फ्रॅक्चरनंतर परत येण्यात दिसतं, अ‍ॅक्शन बदलली, लेग कटर (पडल्यावर लेगकडून ऑफकडे वळणारा बॉल) आणला, टेस्ट क्रिकेटला 100 वर्षं झाली म्हणून खेळलेल्या 1977 च्या सेंटेनरी टेस्टमध्ये मेलबर्नला 11 विकेट. फक्त एक गोष्ट, लिली भारतात एकही टेस्ट खेळला नाही, आणि 1980 ला पाकिस्तानातल्या मेलेल्या पिचवर त्याला 3 टेस्टमध्ये 3 विकेट मिळाल्या. म्हणून माझा एक नंबर मॅक्ग्रा. 124 टेस्ट 563 विकेट सोडा, त्याने आपल्याकडे येऊन 8 टेस्टमध्ये 33 काढल्या, तोच टप्पा, तीच ऑफ स्टंपची लाईन, वाट बघायची तयारी.

आता गिलेस्पी. 2004 चा दौरा आठवा. ऑस्ट्रेलियाने 1969 नंतर पहिल्यांदा भारतात सिरीज जिंकली आणि त्यात सगळ्यात जास्त विकेट त्यांच्याकडून गिलेस्पीच्या, 20, म्हणजे मॅक्ग्रा आणि वॉर्नपेक्षा जास्त. स्लिपमधली माणसं काढून मिडविकेटला आणि बाऊंड्रीवर लावली आणि बॉल सरळ स्टंपावर, चौकार मिळणार नाही, खेळायचं तर प्रत्येक बॉल खेळावा लागणार, आपल्या बॅट्समनची मनगटंच बांधून टाकली होती. नागपूरला हिरवं पिच मिळालं तिथे त्याने 5 आणि 4 अशा 9 विकेट काढून आपल्याला 342 रननी हरवायला मदत केली. बॉल अगदी थोडासा आत यायचा नाहीतर सरळ निघून जायचा, आणि हातातून सुटताना दोन्ही सारखेच दिसायचे, सचिनसुद्धा पहिल्या डावात त्यालाच एलबीडब्ल्यू झाला. लोक म्हणतात पिच हिरवं होतं. अहो पण बंगळूर, चेन्नईला कुठे हिरवं होतं? 71 टेस्ट 259 विकेट असलेल्या या माणसाचे लोकांना फक्त बांगलादेशविरुद्धचे नाइटवॉचमन (दिवस संपता संपता मुख्य बॅट्समनला वाचवायला पाठवलेला बॉलर) म्हणून केलेले 201 आठवतात, हा अन्याय आहे आणि मी तो प्रत्येक वेळी बोलून दाखवणार.

आजच्या तिघांमधला माझा माणूस कमिन्स. हेझलवूडने अ‍ॅडलेडला आपला डाव 36 वर संपला तेव्हा 8 रनमध्ये 5 घेतल्या, स्टार्कचा डावखुरा यॉर्कर वेगळाच, सगळं मान्य. पण कमिन्स 18 व्या वर्षी जोहान्सबर्गला 6 विकेट काढून आला, मग दुखापतींमुळे पाच वर्षांहून जास्त टेस्टच नाही, आणि परत आला तो थेट 2017 ला रांचीला, जिथे पुजाराने 202 मारले, आपण 603 केले. त्या पाटा पिचवर परत आल्यावरच्या पहिल्याच टेस्टमध्ये त्याने 4 विकेट घेतल्या. तिथे मी त्याला मानलं.

तेव्हा पर्थला मॅच असेल तर लिली-थॉमसनला बॉल द्या, मी काही बोलणार नाही. भारतात खेळायचं असेल तर माझे तीन म्हणजे मॅक्ग्रा, गिलेस्पी, कमिन्स. कोणाला यातून गिलेस्पीला काढायचं असेल त्याने आधी 2004 चे स्कोअरकार्ड उघडून बघावेत आणि मग कॉमेंट करावी.