किनाऱ्याला जायचं तर आधी तिथी बघा

दिवाळी झाली की ओळखीची माणसं विचारू लागतात, "दापोलीजवळ अंजर्ल्याला जायचंय, राहायला कुठे बरं?" माझं उत्तर ठरलेलं असतं. खोली नंतर. आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि त्या दिवसांत तिथी कोणती येते ते सांगा.

यात सोवळ्याओवळ्याचं काही नाही. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. दिवसा एकदा आणि रात्री एकदा. अर्धापाऊण तास पुढेमागे होतो, पण सहल आखायला तेवढं पुरतं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

म्हणजे पौर्णिमेच्या सुमाराला गेलात तर सूर्य मावळताना ओहोटी असते. उधाणाचं, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीचं पाणी जितकं चढतं तितकंच ओसरतं, त्यामुळे पुळण लांबवर उघडी पडते. ओली, घट्ट वाळू. गुडघे दुखणारी आजीसुद्धा त्यावरून आरामात चालते. हाच बेत अष्टमीला केलात तर संध्याकाळी पाणी चढलेलं आणि ओहोटी भर दुपारी, तळपाय भाजतात तेव्हा. गाव तेच, खोली तीच, भाडंही तेच. तरी लोक सुट्टी बघतात, खोलीचे फोटो बघतात आणि ज्याच्यासाठी एवढं लांब जायचं त्या समुद्राची वेळ विचारत नाहीत.

पोहायचं असेल तर हे आणखी महत्त्वाचं. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. अंजर्ल्यासारख्या गावात खाडी समुद्राला मिळते, तिथे मुखाशी ओढ फार. गावातला माणूस "आत्ता उतरू नका" म्हणाला की त्याच्याशी वाद घालू नये. त्याला पाण्याचा रंग बघून कळतं ते आपल्याला कळत नाही. असा वाद घालणारे पाहुणे दिसले की माझा जीव खालीवर होतो.

आणि गाडी. कृपा करून वाळूत गाडी घालू नका. चाक रुतलं आणि भरती लागली की ट्रॅक्टर शोधत गावभर धावावं लागतं, ते वेगळंच. पण त्याच वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वेळास, अंजर्ले आणि आसपासच्या गावांत माणसं पहाटे किनारा तुडवून घरटी शोधतात, अंडी कुंपणात सुरक्षित पुरतात आणि ४५ ते ६० दिवस वाट बघतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. रात्री तुम्ही हेडलाइट लावून उभे राहिलात तर ती समुद्राऐवजी तुमच्याकडे येतील. पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ धरा, पण तारीख ठरवण्याआधी गावात फोन करून घरट्यांची विचारपूस करा. पिल्लं निघाली नाहीत म्हणून गाववाल्यांवर रागावणं हा अन्याय आहे.

राहायचं म्हणाल तर गावातल्या घरातच राहा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या वाड्या अक्षरशः झोपवल्या. नारळ, सुपारी, एकेका घराची दोन-तीन पिढ्यांची पुंजी एका दिवसात आडवी झाली. नारळाचं रोप लावून फळ हाती यायला सहा-सात वर्षं सहज जातात. मधल्या काळात अनेक घरांना पाहुण्यांच्या दोन खोल्यांनीच हात दिला. तिथे दिलेला पैसा त्याच अंगणात राहतो. फक्त जेवणाची माणसं आदल्या दिवशी सांगा. काकू पहाटे उठून खोबरं खवतात, ऐनवेळी चार ताटं वाढवायला ते काही हॉटेल नाही. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट नको. कुळथाचं पिठलं आणि गरम भात मागा, पावसात त्याची चव खुलते.

रेल्वेने खेडला उतरून दापोलीमार्गे जाता येतं. एक सकाळ अंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीच्या देवळासाठी ठेवा. वरून खाडी, हर्णै बंदर आणि सुवर्णदुर्ग किल्ला एका नजरेत दिसतात, आणि पाणी चढतंय की उतरतंय हेही.

शक्य असेल तर सोमवार-मंगळवार गाठा. सलग सुट्ट्यांत गावाच्या विहिरींवर आणि अरुंद रस्त्यावर किती ताण येतो ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. कुणी जाणार असेल तर तारीख कळवा, भरती-ओहोटीच्या वेळा मी काढून देईन.