लेपांटोच्या लढाईत ट्रायरीम कशाला?

टेबलावरच्या युद्धखेळासाठी हाताने जहाजे घडवणाऱ्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, पण ७ ऑक्टोबर १५७१ च्या लेपांटोच्या लढाईची, म्हणजे ख्रिस्ती आणि ऑटोमन आरमारांच्या समुद्रावरच्या झुंजीची, गॅली (वल्ह्यांची युद्धनौका) म्हणून दर वेळी प्राचीन अथेन्सची ट्रायरीम (वल्ह्यांच्या तीन रांगांची युद्धनौका) समोर ठेवली जाते, तेव्हा डोके फिरते. मधली दोन हजार वर्षे कोणालाच कशी खटकत नाहीत? ट्रायरीमची धडक द्यायची काशाची सोंड पाण्याच्या पातळीला असे, कारण तिला शत्रूच्या जहाजाची बाजू पाण्यालगत फोडायची होती. लेपांटोच्या गॅलीचे टोक पाण्याच्या चांगले वर असे आणि तिची खरी ताकद नाळेवरच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या भागावरच्या, तोफांत होती. मग त्या तोफा गेल्या कुठे?

वल्ह्यांचे तर विचारूच नका. बाल्साच्या हलक्या लाकडातून घडवलेल्या जहाजाच्या कुशीला (बाजूला) भोके पाडून त्यांत दातकोरणी खोचली की काम झाले, असे सगळ्यांनी ठरवूनच टाकले आहे! अहो, या गॅलीची वल्ही कुशीतल्या भोकांतून निघत नव्हती. दोन्ही अंगांना बाहेर काढलेल्या लांब लाकडी चौकटीवर ती टेकत आणि एकेक वल्हे अनेकदा तीन-चार माणसे मिळून ओढत. ती चौकट म्हणजे पुठ्ठ्याची एक पट्टी. तेवढीही चिकटवायला जड जाते? १:३०० प्रमाणात २ मिलिमीटरची दातकोरणी म्हणजे ६० सेंटिमीटर जाडीचा ओंडका होतो. तो कोणी ओढायचा? ब्रशचे राठ केस वापरा, बारीक तार वापरा, पण कृपा करून ते ओंडके काढा.