हरित ऊर्जेचे चार कोटी

गेल्या आठवड्यापासून मी हरित ऊर्जा क्षेत्रातला चार कोटींचा गुंतवणूकदार आहे. प्रत्यक्षात एमआयडीसीत माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. ग्रिल, गेट, ट्रॉली, कुणाचा मोडका नांगर, जे येईल ते जोडून देतो. शेडचं छत तेव्हा गळत होतं.

निमित्त जिल्हा गुंतवणूक परिषदेचं. हल्ली या जिल्ह्याजिल्ह्यांत होतात. जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्राने दावोसला 15 लाख कोटींहून जास्त रकमेचे करार केले. त्यातल्या बऱ्याच कंपन्या आपल्याच देशातल्या, सही करायला तेवढं बर्फात जायचं. राज्याला एक ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था व्हायचंय म्हटल्यावर जिल्ह्यालाही आपला वाटा उचलणं आलं. आमच्या संघटनेच्या ग्रुपवर निरोप पडला, ‘सर्व सभासदांनी उपस्थित राहावे. भोजनाची व्यवस्था आहे.’ यातलं दुसरं वाक्य नसतं तर हॉल भरला नसता.

दारातच कळलं की भोजन दोन प्रकारचं आहे. नुसत्या उपस्थितांना हिरवं कूपन, म्हणजे मागच्या शेडमध्ये उभ्याने मसालेभात. एमओयू, म्हणजे गुंतवणुकीचा सामंजस्य करार, करणाऱ्यांना लाल कूपन, म्हणजे एसी हॉल, टेबलखुर्ची आणि बासुंदी. मी हिरव्या रांगेत निमूट उभा होतो. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र आणि हातात लॅपटॉप घेतलेले एक गृहस्थ आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “शेठ, तुमचं काही विस्तारीकरण नाही का?”

खातं कुठलं ते सांगत नाही. माणूस मनाने चांगला होता. त्याच्या डोक्यावर टार्गेट होतं आणि पालकमंत्री यायला अर्धा तास उरला होता.

म्हटलं, “छताचे पत्रे बदलायचेत.”

“झालं की! विस्तारीकरण व आधुनिकीकरण.” ते लॅपटॉप उघडून तिथंच पायरीवर बसले. “प्रस्तावित गुंतवणूक?”

“चार लाख.”

“कॉलम कोटीत आहे, शेठ.”

“मग शून्य पॉइंट शून्य चार.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “ते शीटमध्ये राउंड होतं. तुमच्या नावापुढं नुसता शून्य दिसेल. मंत्रिमहोदयांसमोर स्क्रीनवर तुमचं नाव आणि पुढं शून्य. बरं दिसतं का? तुमचाच अपमान.”

“मग चार लिहा म्हणता?”

“मी कुठं म्हणतो? चार तुम्हीच म्हणालात.”

आणि लिहिलं. एप्रिल 2025 पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असेल तर तुम्ही ‘सूक्ष्म’ उद्योग, त्यावर गेलात की ‘लघु’. वडिलांनी जन्मभर वेल्डिंग करून आम्ही सूक्ष्म ते सूक्ष्मच राहिलो होतो. इथं एका टिंबाच्या अभावी पायरीवर बसल्या बसल्या लघु झालो.

“रोजगार?”

“पत्रे चढवायला दोन माणसं.”

“हा प्रत्यक्ष. अप्रत्यक्ष?”

“खाली शिडी धरायला एक.”

ते हसले नाहीत. “चार कोटींना तीन माणसं शोभत नाहीत, शेठ. प्रश्न येतो वरून.” त्यांनी मनाशी काही हिशेब केला, प्रत्यक्ष चाळीस आणि अप्रत्यक्ष एकशेवीस लिहिलं आणि मला विचारलं, “चालेल ना?” एकशेवीस माणसं माझी शिडी धरून उभी आहेत हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी मान हलवली. माझ्याकडे चालू वेल्डर टिकत नाही. परवाच एक जण नोटीस न देता पुण्याला गेला, जाताना माझा ग्राइंडरही घेऊन गेला.

“क्षेत्र?” त्यांनी यादी खाली खाली सरकवली. संरक्षण आणि एरोस्पेस. इलेक्ट्रिक वाहन. डेटा सेंटर. हरित ऊर्जा. अन्नप्रक्रिया. इतर.

“इतर टाका.”

“इतर नको. इतरचे फार झालेत सकाळपासून. तुमचे ते पत्रे... त्यांच्यावर ऊन पडतं ना?”

“पडतं.”

“मग हरित ऊर्जा.” आणि त्यांनी लाल कूपन माझ्या हातावर ठेवलं.

पालकमंत्री दीड तास उशिरा आले. तोवर आमच्या संघटनेच्या अध्यक्षांनी विमानतळाची मागणी केली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्यात चार उद्योजक जमले की पाचव्या मिनिटाला विमानतळ निघतो. मग ड्राय पोर्ट, मग आयटी पार्क. एका वक्त्याने आपला तालुका ‘डी प्लस’मध्ये असल्याचं इतक्या अभिमानाने सांगितलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही वर्गवारी राज्याच्या उद्योग प्रोत्साहन योजनेतली, डी प्लस म्हणजे फार मागास. योजना 1964 सालची, तालुका जेवढा मागास तेवढं अनुदान जास्त. साठ वर्षं योजना चालू आहे आणि आम्ही अजून डी प्लसच, यावर टाळ्या कशा वाजवायच्या ते मला सुचेना. मी लाल कूपन खिशात चाचपत बसलो.

नाव पुकारलं, “हरित ऊर्जा क्षेत्रातील अग्रगण्य उद्योजक!” माझ्या शेजारचा पीव्हीसी पाइपवाला इकडे तिकडे बघायला लागला, की हा कोण आलाय. मी उठल्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. स्टेजवर मखमली कव्हरचं, सोनेरी अक्षरांचं एक फोल्डर मला दिलं, मंत्रिमहोदयांनी एक टोक धरलं, मी दुसरं, समोर बघा, फ्लॅश. फोल्डर घेऊन मी पायऱ्या उतरलो तर खाली एक पोरगा हात पुढे करून उभा. “द्या.”

“काय?”

“फोल्डर. पुढच्यांना लागतंय. एकच आहे.”

आणि हातातून काढूनच घेतलं त्याने. उघडून बघू दिलं नाही. मला चार कोटींचं एवढं वाईट वाटलं नाही, पण फोल्डरचं वाटलं. हे फोल्डर काचेच्या कपाटात ठेवता आलं असतं, मेव्हणा आल्यावर त्याच्या नजरेला पडलं असतं. बायकोने रात्री विचारलं, “काय दिलं तिथं?” मी म्हटलं, बासुंदी.

बासुंदीही खरं तर संपली होती.

आणि एक सांगतो, विनोद बाजूला ठेवून. आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर पावसाळ्यात महिन्यातून दोनदा जातो. गेटजवळच्या मोरीवर गेल्या महिन्यात मालाच्या ट्रकचा पाटा तुटला, त्याचे पैसे मीच भरले. हे सगळं दर बैठकीत मांडतो, इतिवृत्तात ‘कार्यवाही सुरू आहे’ असं येतं. निम्म्या भूखंडांना कुलूप आहे, मालक कुठल्या शहरात आहेत देव जाणे, आणि नव्या वसाहतीसाठी जमीन मोजायला माणसं फिरतायत. येणाऱ्या गुंतवणूकदारासाठी गालिचा. जो आधीपासून इथं झिजतोय त्याला हिरवं कूपन. बाहेरून येणारा आला तरी त्याचाही ट्रान्सफॉर्मर हाच असणार ना? हे स्टेजवर कुणी बोललं नाही. मीही नाही बोललो. माझ्या हातात माइक नव्हता, फोल्डर होतं, तेही अर्धंच.

काल फोन आला. तेच गृहस्थ.

“शेठ, अंमलबजावणीचा अहवाल पाठवायचाय. तुमच्या प्रकल्पाचं कुठवर आलं?”

“पत्रे बसले.”

“वा! आणि उत्पादन कधीपासून?”

“उत्पादन वडिलांच्या वेळेपासून चालू आहे.”

“म्हणजे मुदतीच्या आधीच!” त्यांचा आवाज खरोखर भरून आला. “जिल्ह्यात तुमचा एकच पूर्ण झालाय, शेठ. पुढच्या वर्षी आठ करू या का?”

“साहेब, ते ट्रान्सफॉर्मरचं जरा...”

“ते वीजवाल्यांचं खातं, शेठ. आमच्याकडं फक्त गुंतवणूक.”