द्राक्षाच्या स्कॉलरशिपवरून : सांगलीकर दादांना उत्तर

सांगलीकर दादा, अमेरिकेतल्या द्राक्ष-वाइन शिक्षणाच्या स्कॉलरशिपवर मी पोस्ट टाकली होती, तिच्यावरची तुमची कमेंट लोकलमध्ये लटकत वाचली आणि घरी येऊन चहाबरोबर परत वाचली. तुमचं म्हणणं असं की दारू गाळायला शिकणाऱ्या पोरांना अमेरिकेत स्कॉलरशिप मिळते, इकडे बागायतदार कर्जात बुडालाय, आणि मी मुंबईत एसीत बसून त्याचं कौतुक करतोय. एसी नाहीये हो, पंखा आहे, तोही कुरकुरतो.

आधी माझी चूक. अमेरिकन सोसायटी फॉर एनॉलॉजी अँड व्हिटिकल्चर, म्हणजे वाइनशास्त्र आणि द्राक्षशेतीवाल्यांची संस्था, तिच्या स्कॉलरशिपवर मी एवढं लिहिलं, पण ती उत्तर अमेरिकेत राहून शिकणाऱ्यांसाठी असते हे लिहायचं राहूनच गेलं, निफाडचा पोरगा घरी बसून फॉर्म भरेल तर वेळ वाया. आता टाकलंय मूळ पोस्टमध्ये.

पण 'दारू गाळायला' हे काही पटलं नाही. पीएचडीवाला ग्लास हलवत बसत नाही, त्यातले कितीतरी जण भुरी-केवड्यासारखे वेलीचे रोग, मुळं, पाणी यातच वर्षं घालवतात. आणि वेलीला कुठे माहीत असतं की तिचा घड पेटीत जाणार की बाटलीत!

माझ्या मामाची निफाडला बाग आहे, खायच्या द्राक्षांची. लहानपणी सुट्टीत गेलो की तो ड्रममध्ये मोरचूद आणि चुना कालवायचा, १०० लिटरला किलो-किलो, आणि मग विळ्याचं पातं त्यात बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला की म्हणायचा, 'घाल अजून चुन्याची निवळी.' शर्टावर निळे डाग, ते मामीला कधी निघाले नाहीत. तर हे फवारायचं बोर्डो मिश्रण आलं कुठून? फ्रान्समधल्या बोर्डोच्या वाइनच्या मळ्यांतून. तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं काहीतरी मारायचे, का तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून, आणि मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रोफेसरच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर केवडा नाही. त्याने प्रयोग करून १८८५ मध्ये ते छापलं. वाइनवाल्यांच्या रोगावर शोधलेलं औषध मामाच्या ड्रममध्ये! आणि डॉगरिज खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर आपली द्राक्षं कलम करतात तो, तोही टेक्सासकडच्या रानटी वेलीच्या वंशातला.

कंपन्यांचा पैसा आला की विषयही कंपन्यांच्या सोयीचे निवडले जातात, हा तुमचा मुद्दा मात्र मान्य, त्यावर वाद नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. तिकडे वेल थंडीत झोपते, छाटणी वर्षातून एकदा. आपल्याकडे ती झोपतच नाही, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, म्हणजे दोनदा राबवतो बिचारीला. मग कॅलिफोर्नियातला निष्कर्ष उचलून तासगावात कसा लावणार? त्यासाठी इथल्याच बागेत दोन-चार हंगाम काढणारा पोरगा पाहिजे, आणि तोवर त्याचं मेसचं बिल कोणीतरी भरायला पाहिजे. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, विषयांना तोटा नाही. द्राक्षातली आणि वाइनमधली मंडळी तिकडे वर्गणी काढून पोरं शिकवतात, तर आपल्याकडे पेटीमागे रुपया काढून एक पोरगा का नाही? कमेंट तुम्ही यावर टाकायला हवी होती, मी पहिला लाइक केला असता.

बरं, तुमच्या बागेत खुंट कुठला, डॉगरिज की ११० आर? आणि यंदा ऑक्टोबरच्या पावसात कोवळे घड जिरून नाहीसे झाले का? खरंच विचारतोय, मामाचे जिरलेत.