पश्चिमेच्या भिंतीबद्दल, काकाजींच्या दोन स्टारांना उत्तर

नमस्कार काकाजी,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नागपूरजवळ हिंगण्यापलीकडे आम्ही बांधलेल्या मातीच्या अकरा घरांपैकी एक यांचं. पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीचं चुन्याचं प्लास्टर गळून पडलं. तीनदा फोन करूनही पोळा होऊन गेला तरी आमच्याकडून कोणी फिरकलं नाही. घर सिमेंटच्या घराएवढंच महाग पडलं, वर "वावरातली माती लाखांत विकली" आणि "कम्युनिटीच्या नावाखाली धर्मशाळा बांधली". दोन स्टार.

फोनचं आधी. साइटवरच्या मुलाने तुम्हाला "मॅडमला सांगतो" म्हटलं आणि मला सांगितलं नाही. ऑफिस माझं, तेव्हा माफी मीच मागायची. मागते.

आता भिंत. काल सकाळी येऊन गेले. तुम्ही बर्डीला गेला होतात, काकूंनी चहा दिला. पश्चिमेच्या भिंतीवर नख ओढलं तर बोटाला पांढरी पूड लागली, रांगोळीसारखी. मग उत्तरेच्या भिंतीवर तेच करून पाहिलं. तिथे नख झिजलं, चुना हलला नाही. दोन्हीकडचा चुना एकाच हौदात भिजवलेला, त्यात घातलेला हिरडा-गूळ तोच, मिस्त्रीही तोच. फरक एवढाच की उत्तरेची भिंत फेब्रुवारीत झाली आणि पश्चिमेची मेअखेरच्या नवतप्यात, ऐन उन्हात.

चुन्याचं सिमेंटसारखं नसतं. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून घेत पुन्हा दगड होतो, आणि त्यासाठी भिंतीत ओल असावी लागते. 45 अंशांच्या उन्हाने ओल आधीच पळवली की चुना नुसता वाळतो, धरत नाही. म्हणून भिंतीवर पोती टांगून ती दोन आठवडे तरी भिजती ठेवायची असतात. आम्ही पाच दिवस ठेवली. टँकर वेळेवर येत नव्हता, तुमचं भाड्याचं घर जूनमध्ये सुटणार होतं, आणि मी म्हटलं, होऊन जाईल. मिस्त्री तेव्हाच म्हणाला होता, "मॅडम, भिंत तहानलीच राहून राहिली." पस्तीस वर्षं चुन्यात हात घातलेल्या माणसाचं मी ऐकलं नाही.

दुसरी चूक वळचणीची. नकाशात पश्चिमेला छप्पर भिंतीच्या बाहेर तीन फूट काढलेलं होतं. तुम्हाला त्या बाजूला गाडीसाठी पत्र्याचं शेड टाकायचं होतं, म्हणून आपण ते दीड फुटावर आणलं. शेड झालं असतं तर भिंत झाकली गेली असती. ते झालं नाही, आणि ऑगस्टमध्ये झड लागली तेव्हा पाणी आडवं येऊन सरळ भिंतीवर बसलं. तुम्ही "कमी करा" म्हणालात हे खरं, पण "नाही" म्हणायचं काम माझं होतं. त्याचीच तर फी घेते.

म्हणजे मातीच्या घराचं असंच असतं का, तर नाही. आणि ती माती वावरातली नाही. आपल्या जुन्या गावांत शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, असं उगीच म्हणत नाहीत. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. ती भिंतीला चालत नाही आणि पायालाही चालत नाही, म्हणून तर मुरूम लागेपर्यंत खोदलं. तुमच्या भिंतीत पांढरी माती, मुरूम आणि गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, आहे. जोतं काळ्या दगडाचं, अडीच फूट उंच. 23 सप्टेंबर 2023 ला शहरात चार तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि अंबाझरी तलावाखालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, त्यानंतर मी दोन फुटांचं जोतं अडीच केलं. तुमच्या भिंतीला खालून ओल नाही, काल हात लावून पाहिलं.

एक कळकळीची विनंती. काकू सांगत होत्या की कोणीतरी त्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर मारून वरून वॉटरप्रूफ रंग द्यायला सुचवलंय. कृपा करून तसं करू नका. मातीची भिंत थोडं पाणी घेते आणि उन्हात सोडून देते. वर सिमेंटचं झाकण बसलं की आत गेलेलं पाणी आतच राहतं, माती फुगते, आणि एका पावसाळ्यात नाही तर दोन पावसाळ्यांत अख्खी पापडी निघून येते. येताना ती मातीही घेऊन येते. चुना गळला तर चुनाच जातो. भिंत अजून शाबूत आहे.

तुमचा एक मुद्दा मात्र रिव्ह्यूत नीट आला नाही, तो मीच मांडते. आमच्या ब्रोशरवर सेवाग्रामच्या बापू कुटीचा फोटो आहे. गांधीजी 1936 साली तिथे राहायला आले, त्या काळातली माती-बांबूची घरं अजून उभी आहेत, हे आम्ही अभिमानाने छापलं. ती उभी आहेत कारण त्यांना सतत हात लागतो, हे छापलं नाही. वर्षातून एकदा भिंतींवरून नजर फिरवायची, निघालेलं बुजवायचं, दोन-तीन वर्षांनी चुन्याचा हात द्यायचा. आजी दिवाळीआधी घर सारवायची तेव्हा तिला कोणी त्याला मेंटेनन्स म्हणायला शिकवलं नव्हतं, पण होतं तेच. नव्या ब्रोशरमध्ये हे पहिल्या पानावर येईल.

खर्चाचं: माती फुकटात पडते, पण ती चाळायला, तुडवायला आणि थापायला माणसं लागतात, आणि त्यांना मी पूर्ण रोजी देते. कच्चा हिशोब दिला त्या दिवशीच बरोबरीचा आकडा लिहिला होता. "स्वस्त" हा शब्द ऑफिसातून कोणी वापरला असेल तर तो चुकीचा होता. बँकेने मूल्यांकनात अडवलं हेही खरं. सरकारी गणनेत मातीची भिंत अजून "कच्ची" धरतात. त्यासाठी लागणारे इंजिनिअरचे कागद आता बुकिंगलाच देतो.

धर्मशाळेबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. अकरा घरांचे ओटे मधल्या निंबाकडे तोंड करून आहेत, ते नकाशा काढण्याआधीच्या चार बैठकांत सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि "ओटे समोरासमोर ठेवा, संध्याकाळी बोलायला कोणी दिसलं पाहिजे" हे वाक्य तुमचंच होतं. दुपारी दोन ते चार पोरं तुमच्या ओट्यावर गोंधळ घालतात हा त्रास खरा आहे, पण त्याला भिंत बांधून उपाय नाही. महिन्याच्या बैठकीत काढा. मी त्यात पडणार नाही, पडूही नये.

काम असं होईल. दिवाळी झाली की दुसऱ्या सोमवारी मिस्त्री येईल. सैल चुना पूर्ण खरवडून दोन हात नव्याने, मध्ये अंतर ठेवून, आणि पोती पूर्ण दोन आठवडे. त्या दिवसांत थंडी असते, चुन्याला मानवते. पश्चिमेला कवेलूचं छप्पर दीड फूट पुढे काढून देतो. सगळा खर्च आमचा. तुम्हाला शेड अजूनही हवं असेल तर आत्ताच सांगा, खांब कुठे येतील ते बघून छप्पर काढू.

त्याआधी पश्चिमेच्या खिडकीतला कूलर उतरवून ठेवायचा आहे. त्याची गळकी टाकी भिंतीला टेकलेली काल दिसली. एकट्याने उचलू नका, रविवारी दोन मुलं पाठवते.