पाय आखडला म्हणजे मेंदूचा निरोप पोचला, असे नव्हे

मणक्याला मार लागून कमरेखालचे अंग लुळे पडलेला माणूस छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातून किंवा अंबाजोगाईच्या दवाखान्यातून घरी आला की त्याच्या माणसांच्या मोबाइलवर एक मजकूर येऊन पोचतो. त्याचा आशय असा: मणक्यातली मोठी नस नुसती दबलेली असते, रोज तळव्यावर काडी ओढावी आणि पाय आखडला की मेंदूचा निरोप खाली पोचला असे समजावे, जाणत्या हाडवैद्याकडून मणका ओढून बसवून घ्यावा, लुळ्या पायांना आपोआप येणारे झटके वाढतील तशी ताकद येते, म्हणून झटक्यांच्या गोळ्या बंद कराव्यात. चिंचा झोडताना झाडावरून पडलेल्या, विहिरीच्या कामावर दरडीखाली सापडलेल्या, उसाच्या ट्रॉलीवरून कोसळलेल्या तरुणांच्या घरी हा मजकूर फार आशेने वाचला जातो. त्या आशेची फसवणूक होऊ नये, म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे गरजेचे आहे.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूचा निरोप खाली नेणारी नस, हे मजकुराचे मूळ गृहीतक आहे आणि ते अर्धेच खरे आहे. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू सुमारे ४२ ते ४५ सेंटीमीटर लांब असतो; तो कवटीच्या तळापासून निघून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो आणि त्याच्याखाली केवळ चेतांच्या, म्हणजे संवेदना आणि आज्ञा वाहणाऱ्या नसांच्या, मुळांचा जुडगा उरतो. त्यातून चेतांच्या ३१ जोड्या निघतात. प्रत्येक चेतेच्या मागच्या मुळातून संवेदना आत येते, पुढच्या मुळातून स्नायूंकडे आज्ञा बाहेर पडते. रज्जूचा आडवा छेद घेतला तर कडेला पांढरा भाग दिसतो, ज्यात मेंदूकडे जाणारे आणि मेंदूकडून येणारे तंतू असतात. मधोमध मात्र फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग असतो आणि त्यात चेतापेशींची दाटी असते. मजकूर लिहिणाऱ्याने हा करडा भाग विचारातच घेतलेला नाही. मेंदूला न विचारता स्नायू हलवण्याचे काम याच भागातून होते.

डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारतात तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो. त्या ताणाची खबर मागच्या मुळातून कमरेच्या दुसऱ्या ते चौथ्या चेतेच्या पातळीवर रज्जूत शिरते, दोन चेतापेशींमधला एकच जोड ओलांडून आज्ञा देणाऱ्या पेशीला मिळते आणि पाय पुढे उडतो. स्नायू आकसायला सेकंदाचा अवघा पन्नासावा भाग लागतो. मेंदूला या गोष्टीची खबर नंतर लागते. एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी १८७५ साली पायाची ही उसळी स्वतंत्रपणे नोंदवली. बाभळीचा काटा रुतला की पाय झटकन उचलला जातो आणि त्याच क्षणी दुसरा पाय ताठ होऊन शरीराचा भार पेलतो. यात अनेक पेशींची साखळी गुंतलेली असते, तरीही हे सगळे रज्जूतच ठरते. मेंदू काढलेल्या बेडकाच्या पाठीवर आम्लात बुडवलेला कागदाचा तुकडा ठेवला, तर बेडूक मागच्या पायाने तो तुकडा झटकून टाकतो, हा प्रयोग शरीरशास्त्रात फार जुना आहे. हालचाल हेतुपूर्वक केल्यासारखी दिसली तरी तिच्यामागे इच्छा असेलच असे नाही.

तळव्यावर काडी ओढण्याचा सल्ला मला सर्वांत क्लेशदायक वाटतो, कारण त्यात वाईट खूणच चांगली खूण म्हणून सांगितली आहे. तळव्याच्या कडेने टाचेकडून बोटांकडे ओरखडा ओढला असता निरोगी मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. तो वर उचलला गेला, तर मेंदूकडून येणारा मार्ग दुखावला आहे, असा अर्थ फ्रेंच वैद्य बाबिन्स्की यांनी १८९६ साली लावला आणि तो आजही तसाच घेतला जातो. तान्ह्या बाळात मात्र अंगठा वर जाणे स्वाभाविक असते, कारण त्याचा तो मार्ग अजून पक्का झालेला नसतो. घरच्यांचा समज का होतो, हेही समजून घेतले पाहिजे. जबर इजेनंतर रज्जूचा खालचा भाग काही दिवस किंवा आठवडे मूक होतो आणि सगळे प्रतिक्षेप, म्हणजे मेंदूला न विचारता होणाऱ्या अशा आपोआप हालचाली, नाहीसे होतात. पुढे ते हळूहळू परततात आणि मेंदूचा लगाम सुटलेला असल्याने पूर्वीपेक्षा जोरात येतात. नेमके याच काळात घरी मालिश सुरू असते, त्यामुळे श्रेय मालिशला जाते. घरच्यांनी पाहिलेले खरेच असते, त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावलेला असतो.

खरी सुधारणा पाहायची तर पायाला हात न लावता रुग्णाला अंगठा हलवायला सांगावे, मग थांबायला सांगावे आणि पुन्हा हलवायला सांगावे. सांगितल्यावर हलणे आणि सांगितल्यावर थांबणे, दोन्ही वारंवार जमले तरच मेंदूची आज्ञा पोचते असे म्हणता येते. गुदद्वाराभोवतीची संवेदना डॉक्टर याच कारणासाठी तपासतात. रज्जूच्या शेवटच्या टोकाची ही संवेदना शिल्लक असेल, तर इजा अपूर्ण आहे, म्हणजे रज्जूतले काही तंतू शाबूत आहेत आणि सुधारणेला वाव आहे, असे मानले जाते.

मणका ओढून बसवण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. मणक्याचा क्षय, गाठ किंवा सरकलेली चकती यांत रज्जू खरोखरच दबलेला असू शकतो, आणि तो दाब वेळेत काढला तर माणूस पुन्हा चालू शकतो. पण ते काम एमआरआय पाहून शस्त्रक्रियेने किंवा औषधाने करायचे असते. मोडलेला, अस्थिर मणका हाताने ओढला तर उरलेसुरले तंतूही तुटतात. हातातली चेता कापली गेली तर ती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढू शकते, रज्जूतले तंतू मात्र तसे वाढत नाहीत.

ताकद यावी म्हणून झटक्यांच्या गोळ्या बंद कराव्यात, हा सल्ला तर जिवावर बेतू शकतो. झटक्यांसाठी दिले जाणारे बॅक्लोफेन हे औषध रज्जूत पेशींना शांत करणाऱ्या संदेशाची नक्कल करते. ते एकाएकी बंद केले, तर अंग कडक होणे, ताप, भास आणि आकडीपर्यंत मजल जाऊ शकते; डोस कमी करायचा असेल तर तो डॉक्टरांना विचारून हळूहळूच करावा. थोडा ताठरपणा काहींना उभे राहायला उपयोगी पडतो, हे खरे आहे. पण झटके अचानक वाढले, तर आधी लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, पाठीवरची जखम किंवा मांसात रुतलेले नख शोधावे. रुग्णाला त्याची वेदना जाणवत नाही आणि रज्जू ती झटक्यांतून दाखवतो. इजा छातीच्या सहाव्या चेतेच्या पातळीवर किंवा तिच्या वर असेल, तर तुंबलेल्या मूत्राशयामुळेही रक्तदाब धोकादायक रीतीने चढू शकतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो. अशा वेळी रुग्णाला तातडीने बसते करावे, कपडे सैल करावेत, लघवीची नळी कुठे दुमडली किंवा तुंबली आहे का ते पाहावे, आणि एवढ्याने त्रास उतरला नाही तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.